सोन्याच्या वर्खापासून शिशाच्या सालीपर्यंत

अणूच्या केंद्रकाबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग एकाच युक्तीतून हाती आला आहे. ठाऊक असलेल्या वेगाचे कण पदार्थाच्या पातळ थरावर सोडायचे आणि ते कोणत्या दिशेला किती विखुरतात हे मोजायचे. या विखुरण्याला भौतिकीत प्रकीर्णन म्हणतात. केंद्रकाचा आकार सांगायचा तर मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक फर्मी, आणि सोन्यासारख्या जड मूलद्रव्याच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण सात फर्मी भरते. केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूचा पसारा चाळीसएक मीटरचा होईल. एवढी लहान वस्तू प्रकाशाने दिसणे शक्य नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबी अणूच्याही हजारो पट मोठी असते. म्हणून केंद्रकाचा शोध हा प्रथमपासून मोजणीचा इतिहास आहे. अपेक्षेप्रमाणे किती कण आले आणि प्रत्यक्षात किती आले, या दोन आकड्यांमधला फरक वाचत वाचत तो पुढे सरकला.

या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तके १९११ सालापासून करतात. खरा धागा त्याआधी पाच वर्षे, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सापडतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अर्नेस्ट रदरफोर्ड तेव्हा तिथल्या मॅकगिल विद्यापीठात किरणोत्सर्गाचा अभ्यास करत होते. १९०६ मध्ये त्यांनी अल्फा कणांचा झोत एका फटीतून छायाचित्राच्या काचेवर पाडला आणि अर्ध्या फटीवर अभ्रकाचा पातळ पापुद्रा ठेवला. मोकळ्या अर्ध्या भागाची प्रतिमा रेखीव उमटली, अभ्रकाखालच्या भागाची कड मात्र पुसट झाली. काही कण सुमारे दोन अंशांनी वळले होते. दोन अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण अल्फा कण सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने जातो, इलेक्ट्रॉनच्या सात हजार पटींहून जड असतो, आणि इथे तो केसाहूनही पातळ पापुद्र्यात वळला होता. त्यासाठी पदार्थाच्या आत दर सेंटिमीटरला दहा कोटी व्होल्ट इतके प्रखर विद्युतक्षेत्र हवे, असा हिशेब रदरफोर्डनी मांडला. अणूच्या पोटात प्रचंड बळे आहेत याची ती पहिली चाहूल होती.

१९०७ मध्ये रदरफोर्ड इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले. तिथे त्यांना हान्स गायगर हा जर्मन सहकारी मिळाला आणि अर्नेस्ट मार्सडेन हा विशीतला विद्यार्थी. त्या काळी अणूचे जे चित्र मान्य होते ते जे. जे. टॉमसन यांचे. धन विद्युतभार अणूभर सारखा पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन विखरून बसवलेले. अशा अणूत जोरदार धक्का देऊ शकेल असे घट्ट काही नसतेच. अल्फा कण त्यातून जाताना हजार ठिकाणी किंचित किंचित ढकलला जाईल आणि हे धक्के बहुतांशी एकमेकांना खोडून काढतील. ०.०००४ मिलिमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना कणाचे सर्वांत संभाव्य विचलन एक अंशाहूनही कमी असते, असे गायगरच्या मोजमापात आढळले होते. म्हणजे तोवर टॉमसन यांच्या चित्राला धक्का लागलेला नव्हता.

कण मागे फिरतात का हे पाहण्याचे काम रदरफोर्डनी मार्सडेनला दिले. उत्तर नाही असेच येणार, असा सर्वांचा अंदाज होता. १९०९ च्या त्या प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. रेडियमपासून मिळालेला वायू भरलेली काचेची निमुळती नळी हा कणांचा उगम. समोर धातूचा पत्रा. बाजूला झिंक सल्फाइडचा छोटा पडदा, आणि नळीतून सरळ येणारे कण पडद्यावर पडू नयेत म्हणून मध्ये शिशाची जाड पट्टी. पडद्यावर काही चमकलेच, तर ते पत्र्यावरून परतलेल्या कणामुळेच. आणि ते चमकले. पत्रा सोन्याचा असता मिनिटाला ६७ चमका दिसल्या, चांदीचा असता २७, तांब्याचा असता चौदा-पंधरा आणि ॲल्युमिनियमचा असता जेमतेम ३.४. अणू जितका जड तितके परतणारे कण जास्त. प्लॅटिनमवर पडणाऱ्या सुमारे आठ हजार कणांपैकी एक मागे फिरत होता.

या मोजणीचे कष्ट सहसा एका वाक्यात उरकले जातात, आणि ते योग्य नाही. अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळला की क्षणभर एक अंधूक ठिपका उजळून विझतो. तो दिसावा म्हणून निरीक्षकाला आधी अर्धा तास काळोखात बसून डोळे सरावून घ्यावे लागत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिपके मोजायचे. मिनिटाला ९० हून अधिक ठिपके आले तर मोजणी चुकते, आणि फारच कमी आले तर डोळा भरकटतो. डोळे थकले की थांबायचे, पुन्हा बसायचे. दरम्यान नळीतला वायू क्षय पावत असतो, पावणेचार दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून प्रत्येक आकड्यात तेवढी दुरुस्ती करायची. केंद्रकाच्या शोधाचे श्रेय एका प्रतिभावंताला देताना या काळोखातल्या डोळ्यांना त्यातला निम्मा वाटा तरी द्यायला हवा.

आठ हजारांत एक या आकड्यावर रदरफोर्ड दीड-दोन वर्षे विचार करत राहिले. लहान धक्क्यांची बेरीज होऊन कण नव्वद अंशांहून अधिक वळण्याची शक्यता इतकी नगण्य निघत होती, की दिसलेल्या कणांचा हिशेब तिने कधीच लागला नसता. म्हणजे मोठे वळण एकाच टकरीत घडत असले पाहिजे. त्यासाठी अणूचा धन किंवा ऋण विद्युतभार अणूच्या तुलनेत एका बिंदूएवढ्या जागेत गोळा झालेला हवा. मे १९११ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांचा लेख आला. मध्यभागीचा भार धन की ऋण हे त्यांनी त्यात खुले ठेवले होते, कारण सूत्रात भाराचा वर्ग येतो आणि चिन्ह पुसले जाते. शनी आणि त्याची कडी यांवरून अणूचे चित्र कल्पिणारे जपानी शास्त्रज्ञ हांतारो नागाओका यांचा उल्लेखही त्या लेखात आहे. मध्यभागी १०० एकक भार धरला, तर समोरासमोर येणारा अल्फा कण केंद्रापासून ३४ फर्मी अंतरावर थबकून परत फिरेल, असे रदरफोर्डनी दाखवले. म्हणजे भाराचा तो गोळा याहून लहान. केंद्रकाच्या आकाराचा हा पहिला अंदाज, आणि तोही फक्त वरची मर्यादा सांगणारा. सोन्याच्या केंद्रकाला त्या काळच्या एकाही अल्फा कणाने स्पर्श केला नव्हता. सगळे कण विद्युत प्रतिसारणाने बाहेरूनच परतले होते.

रदरफोर्डच्या सूत्राने चार गोष्टी सांगितल्या. विखुरणारे कण वर्खाच्या जाडीच्या प्रमाणात वाढतील, केंद्रकाच्या भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतील, कणाचा वेग दुप्पट झाला तर सोळा पट घटतील, आणि वळणाचा कोन वाढेल तसे एका ठरावीक उताराने कमी होतील. शेवटची अट सर्वांत कडक होती. १५० अंशांवर जितके कण दिसतील, त्याच्या सुमारे तीन हजार पट १५ अंशांवर दिसायला हवेत. १९१३ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी यासाठी नवे उपकरण बनवले. हवा काढून टाकलेली धातूची गोल पेटी. मध्ये कणांचा उगम आणि वर्ख स्थिर. आणि पेटीला जोडलेला सूक्ष्मदर्शक पेटीसह त्यांच्याभोवती फिरणारा. ५ अंशांपासून १५० अंशांपर्यंत त्यांनी एक लाखाहून अधिक चमका मोजल्या. सूत्राच्या चारही अटी प्रयोगाच्या अचूकतेपर्यंत खऱ्या ठरल्या. केंद्रकाचा भार अणुभाराच्या साधारण निम्मा येतो, हेही त्यांना दिसले. त्याच सुमारास कायद्याचे शिक्षण घेतलेले डच हौशी अभ्यासक अँटोनियस फान डेन ब्रोक यांनी सुचवले, की केंद्रकाचा भार म्हणजे मूलद्रव्याचा आवर्त सारणीतला क्रमांक. हेन्री मोसली यांच्या क्ष-किरणांच्या मोजमापांनी त्याला बळ दिले.

मग महायुद्ध आले. गायगर जर्मन तोफखान्यात गेले, मार्सडेन ब्रिटिश सैन्यातून पश्चिम आघाडीवर. एकाच पडद्यावरचे ठिपके मोजणारे दोघे समोरासमोरच्या फौजांत उभे राहिले. मोसली १९१५ मध्ये गॅलिपोलीला मारले गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. गायगरकडे शिकण्यासाठी बर्लिनला गेलेले जेम्स चॅडविक युद्धभर जर्मनीत नजरकैदेत होते. सुटून आल्यावर त्यांनी १९२० मध्ये कंकणाकृती वर्ख वापरून केंद्रकाचा भार थेट प्रकीर्णनातून मोजला. तांब्यासाठी २९.३, चांदीसाठी ४६.३ आणि प्लॅटिनमसाठी ७७.४ असे आकडे आले. या मूलद्रव्यांचे क्रमांक २९, ४७ आणि ७८ आहेत. डोळ्यांनी ठिपके मोजून मिळवलेली ही अचूकता आहे.

सूत्र खरे ठरले की ते जिथे मोडते ती जागा मोलाची होते. कारण सूत्रात फक्त विद्युतबळ आहे आणि केंद्रक एक बिंदू आहे. मोजणी सूत्रापासून ढळली, तर अल्फा कण केंद्रकाला खरोखर भिडला असे समजायचे. सोन्यात भार ७९ एकक असल्यामुळे कण जवळ जाऊच शकत नव्हते. पण हायड्रोजनचा भार एकच, तिथे अल्फा कण खूप जवळ पोहोचतो. १९१९ मध्ये रदरफोर्डना हायड्रोजनवर अल्फा कण सोडताना पुढच्या दिशेला उडालेली हायड्रोजन केंद्रके अपेक्षेच्या कित्येक पट दिसली. १९२१ मध्ये चॅडविक आणि कॅनडाचे एटिएन बिलर यांनी याची पद्धतशीर तपासणी केली. दोन केंद्रके काही फर्मींच्या आत आली की विद्युतबळाचा नियम पुरा पडत नाही, तिथे अतिशय तीव्र असे दुसरे बळ काम करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याला पुढे प्रबल बळ हे नाव मिळाले, त्याची ही पहिली स्पष्ट खूण. अल्फा कणाचे चित्र त्यांनी ८ आणि ४ फर्मी अर्धअक्षांच्या चपट्या गोळ्यासारखे काढले. आज ते चित्र कोणी मानत नाही, पण मोजणी टिकून आहे.

याउलट, सूत्र मोडत नाही हेच एकदा कोडे होऊन बसले. युरेनियमवर सोडलेले वेगवान अल्फा कण ३२ फर्मींपर्यंत विद्युतबळाचा नियम पाळत होते. म्हणजे प्रतिसारणाचा कडा निदान तितका आतवर होता. पण युरेनियम स्वतःहून जे अल्फा कण बाहेर टाकते, त्यांची ऊर्जा इतकी कमी असते, की जुन्या भौतिकीप्रमाणे ते ६० फर्मींवरून निघालेले असायला हवेत. जिथे अडथळा आहे, त्याच्या पलीकडून कण निघाल्यासारखे दिसत होते. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोव यांनी आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी उत्तर दिले. पुंजभौतिकीत कण कड्यावरून न चढता कड्यातून पार होऊ शकतो. केंद्रकावर पुंजभौतिकी लावण्याची ही सुरुवात.

दोन वर्षांनी तिचा दुसरा पडताळा प्रकीर्णनातूनच आला. कॅरमवर स्थिर सोंगटीला तेवढ्याच वजनाची दुसरी सोंगटी तिरकी लागली, तर दोघी काटकोन करून फाकतात. अल्फा कण हेलियमच्या केंद्रकावर आदळतो तेव्हा असेच घडते, कारण अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच. ४५ अंशांवर दोन्ही दिसतात आणि कोणता आलेला, कोणता उडालेला हे ओळखता येत नाही. नेव्हिल मॉट यांनी गणित केले, की जिथे हे दोन पर्याय एकरूप होतात तिथे जुन्या हिशेबाच्या दुप्पट कण दिसतील. चॅडविकनी १९३० मध्ये मोजले, आणि मंद अल्फा कणांसाठी दुप्पटच दिसले.

१९३२ नंतर साधने बदलली. न्यूट्रॉनचा शोध त्या वर्षी लागला. त्याला विद्युतभार नसल्यामुळे तो केंद्रकापर्यंत विनासायास पोहोचतो, आणि न्यूट्रॉन किती प्रमाणात अडवले जातात यावरून केंद्रकाची त्रिज्या काढता येऊ लागली. किरणोत्सर्गी पदार्थ देईल तीच ऊर्जा वापरायची, हे बंधनही कणवेगवर्धकांमुळे सुटले. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत मर्ल ट्यूव्ह आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनवर प्रोटॉन सोडून पाहिले. विद्युतबळ वजा केल्यावर उरणारे बळ प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यामधल्या बळाशी जुळते असे निघाले. केंद्रकातले बळ भार पाहत नाही, हा मोठाच निष्कर्ष होता.

तरीही अल्फा कण, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या तिघांतही एक अडचण होती. ते स्वतः प्रबल बळाने बांधले जातात, आणि त्या बळाचे गणित अजून कोणाला नीट येत नव्हते. मोजपट्टीच लवचीक असावी तसे ते झाले. इलेक्ट्रॉनला प्रबल बळ लागू नाही. त्याच्यावर फक्त विद्युतचुंबकी बळ चालते आणि ते पूर्ण ठाऊक आहे. शिवाय इलेक्ट्रॉनला ऊर्जा जितकी जास्त द्यावी, तितकी त्याची तरंगलांबी लहान होते. २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला ती सुमारे सहा फर्मी होते, म्हणजे केंद्रकाच्याच मापाची.

रॉबर्ट हॉफस्टॅटर हे न्यू यॉर्कमध्ये वाढलेले भौतिकशास्त्रज्ञ १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे रेषीय वेगवर्धक उभा राहत होता आणि त्यातून हव्या त्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळणार होते. विखुरलेले इलेक्ट्रॉन निवडण्यासाठी लागणारा चुंबक इतका अवजड होता, की त्याला लक्ष्याभोवती अचूक कोनांतून फिरवायचे कसे हाच प्रश्न पडला. त्यासाठी नौदलाच्या विमानवेधी तोफेचा गाडा आणला गेला. जड नळकांडे चटकन आणि अचूक रोखण्यासाठी बनवलेली ती बैठक आता अनेक टनांचा चुंबक अंशाअंशाने सरकवू लागली. तोफेचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

केंद्रक बिंदूएवढे असते तर कोनागणिक इलेक्ट्रॉन किती दिसावेत, याचे सूत्र मॉट यांनी दिलेले होतेच. सोन्यावर मोजणी झाली तेव्हा मोठ्या कोनांवर इलेक्ट्रॉन सूत्राहून कितीतरी कमी दिसले. हलक्या केंद्रकांत तर वक्र खाली उतरत जाऊन मध्येच खळगा पडून पुन्हा थोडा वर येत होता. पाण्यातल्या खांबामागे लाटा एकमेकींत मिसळून कुठे शांत, कुठे उसळत्या पट्ट्या होतात, तोच हा प्रकार. तरंग केंद्रकाच्या निरनिराळ्या भागांवरून येऊन काही कोनांवर एकमेकांना पुसून टाकतात. खळगा कोणत्या कोनाला पडतो यावरून केंद्रकाचा आकार कळतो, आणि तो किती खोल आहे यावरून केंद्रकाची कड किती धारदार आहे ते कळते.

त्यातून जे चित्र आले ते आजही कायम आहे. हलकी केंद्रके वगळली, तर सर्वांच्या मध्यभागाची घनता जवळपास सारखीच असते. एका घनफर्मीत प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून साधारण ०.१७ कण. या घनतेचा एक घनमिलिमीटर पदार्थ मिळाला, तर त्याचे वजन दोन लाख टनांवर भरेल. केंद्रकाला कण जोडत जावे, तसा त्याचा मध्यभाग दाटत नाही, फक्त आकार फुगतो, जसा पाण्याचा थेंब वाढतो. आणि थेंबाला असते तशी त्याला तीक्ष्ण कड नसते. घनता मध्यापासून सपाट चालते आणि मग साधारण अडीच फर्मींत ओसरते. १९५५-५६ मध्ये हॉफस्टॅटर यांनी हायड्रोजनवर हीच मोजणी केली, आणि प्रोटॉन बिंदू नसून त्याची त्रिज्या सुमारे पाऊण फर्मी आहे असे दिसले. फर्मी हे लांबीच्या एककाचे नावही त्यांनीच, एन्रिको फर्मी यांच्या मृत्यूनंतर, रुजवले. १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना रुडॉल्फ म्योसबाउअर यांच्याबरोबर विभागून मिळाले.

इलेक्ट्रॉनांची मोजणी पुढे इतकी सूक्ष्म झाली, की १९६७ मध्ये स्टॅनफर्डला कॅल्शियमच्या केंद्रकांवर मिळालेला वक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाख कोटी पटींनी उतरला. गायगर-मार्सडेन यांच्या काळी तीन हजार पटींचा फरक मोजणे हीच कसोटी होती. या अचूकतेतून केंद्रकाच्या आतली मांडणी दिसू लागली. प्रोटॉन व न्यूट्रॉन केंद्रकात कवचाकवचांनी बसतात, हे मारिया गोपर्ट मेयर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ मध्ये सुचवले होते, पण ते अप्रत्यक्ष पुराव्यावर. इतक्या दाटीत एखादा कण स्वतःच्या कक्षेत फिरतो हे मानणे अनेकांना जड जात होते. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या साक्ले इथे शिसे-२०६ आणि थॅलियम-२०५ यांच्यावरचे इलेक्ट्रॉन प्रकीर्णन मोजून एकातून दुसरे वजा केले गेले. या दोन केंद्रकांत फरक फक्त एका प्रोटॉनचा. उरलेला वक्र त्या एका प्रोटॉनचा होता, आणि त्यातल्या चढउतारांवरून कवच सिद्धांताने सांगितलेली कक्षा ओळखता येत होती. केंद्रकात एका प्रोटॉनची कक्षा अशी रेखाटली जाणे, हा या साऱ्या इतिहासातला अत्यंत सुंदर क्षण आहे.

कण नुसता वळत नाही, कधी ऊर्जाही गमावून येतो. गमावलेली ऊर्जा केंद्रकात राहते आणि केंद्रक उत्तेजित होते. म्हणून परतलेल्या कणांची ऊर्जा मोजली की केंद्रकाच्या ऊर्जापातळ्यांची शिडी मिळते. काही केंद्रकांत या पायऱ्या फिरणाऱ्या लांबट वस्तूला शोभाव्यात अशा वाढत गेलेल्या दिसल्या आणि ती केंद्रके गोल नाहीत हे पक्के झाले. १९७७ मध्ये टेक्सासमध्ये अल्फा कणांच्या प्रकीर्णनातून केंद्रक एकसंध फुगते-आक्रसते असा कंपनप्रकार स्पष्ट दिसला. केंद्रकीय पदार्थ दाबला तर किती विरोध करतो, हे त्यावरून काढता येते.

केंद्रकांनी केंद्रकांवर मारा करण्याची जी शाखा वाढली, तिचे एक ठिकाण मुंबईत आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून उभारलेला पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्या उभ्या टाकीच्या मध्यभागी १.४ कोटी व्होल्टपर्यंतचा धन दाब तयार होतो. ऋण आयन वरून त्याकडे ओढले जातात, मध्ये पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, आणि धन झालेले तेच आयन खाली ढकलले जातात. एकाच दाबाचा असा दोनदा फायदा मिळतो. इथे लिथियम आणि बेरिलियम यांच्या सैल बांधणीच्या केंद्रकांचे प्रकीर्णन बारकाईने अभ्यासले गेले आहे. अशी केंद्रके दुसऱ्या केंद्रकाजवळ येताना तुटू शकतात, त्यामुळे विद्युत अडथळ्याच्या आसपासच्या ऊर्जेला त्यांची वागणूक घट्ट केंद्रकांपेक्षा वेगळी असते. २००७ मध्ये या वेगवर्धकाला अतिसंवाहक रेषीय जोड देऊन ऊर्जा वाढवली गेली.

त्याआधीच, साठच्या दशकात, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा इतकी वाढली होती, की ते प्रोटॉनच्याही आत पाहू लागले. स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब वेगवर्धकावर १९६७ पासून जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांना मोठ्या कोनांवर अपेक्षेहून कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन दिसले. १९०९ चीच गोष्ट पुन्हा घडली. आत काहीतरी कठीण आणि लहान होते, ते क्वार्क निघाले. १९८३ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत म्यूऑनच्या प्रकीर्णनातून असेही दिसले, की लोखंडाच्या केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये क्वार्कांची वाटणी हलक्या ड्यूटेरियममधल्यापेक्षा वेगळी असते. शेजार बदलला की आतली मांडणी बदलते, हे का, यावर अजून वाद आहे.

क्षणार्धात क्षय पावणाऱ्या केंद्रकांचा वर्ख बनवता येत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रयोग उलटा करण्यात आला. दुर्मीळ केंद्रकांचाच झोत करून तो स्थिर लक्ष्यावर सोडायचा. १९८५ मध्ये बर्कलेला इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी लिथियम-११ वर असे प्रयोग केले. त्याचे अर्धायुष्य नऊ मिलिसेकंदांच्या आत आहे. ते लक्ष्याशी अपेक्षेपेक्षा फारच जास्त वेळा आदळत होते, म्हणजे आकाराने बरेच मोठे होते. लिथियम-९ चा घट्ट गाभा आणि त्याबाहेर लांबवर विरळ पसरलेले दोन न्यूट्रॉन, असे त्याचे रूप ठरले. पावसाळी रात्री चंद्राला खळे पडते, तसे हे न्यूट्रॉनांचे खळे. सगळ्या केंद्रकांची घनता सारखी असते या हॉफस्टॅटरांच्या चित्राला इथे मर्यादा पडली.

इलेक्ट्रॉन प्रोटॉनांचा भार पाहतो, न्यूट्रॉन त्याला जवळपास दिसत नाहीत. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन आहेत. जास्तीचे न्यूट्रॉन पृष्ठभागाकडे सरकून त्यांची एक साल बनत असली पाहिजे. तिची जाडी मोजण्यासाठी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफर्सन प्रयोगशाळेत क्षीण बळाचा आधार घेतला गेला. हे बळ मुख्यतः न्यूट्रॉन पाहते, आणि डावखुरे व उजवे इलेक्ट्रॉन यांच्यात भेद करते. दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन आलटून पालटून सोडून त्यांच्या प्रकीर्णनातला दहा लाखांत एकाहूनही लहान फरक मोजला गेला. २०२१ मध्ये शिशाच्या सालीची जाडी ०.२८३ फर्मी जाहीर झाली, ०.०७१ इकडेतिकडे. पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने कॅल्शियम-४८ ची साल ०.१२१ फर्मी निघाली. शिशाची साल जाड असेल, तर न्यूट्रॉनबहुल पदार्थ दाबाला जास्त विरोध करतो आणि न्यूट्रॉन ताऱ्यांची त्रिज्या मोठी ठरते. कॅल्शियमची पातळ साल उलट बाजूला झुकते. दोन्ही आकडे एका सिद्धांतात सहज बसत नाहीत. जर्मनीत माइन्झला नवा वेगवर्धक उभारला जात आहे, आणि शिशाची साल अधिक अचूक मोजणे हे त्याच्या नियोजित कामांपैकी एक आहे.